मारामारीची किरकोळ केस : एनसीपासून निकालापर्यंत काय काय होतं?

तळ्यात मळ्यात :
मंडळी, कोर्टकचेरीतलं कळणाऱ्यांनी जरा मार्गदर्शन करा. माझा मावसभाऊ आणि त्याच्या सोसायटीतला एक शेजारी यांची गाडी लावण्यावरून जुंपली. शब्दाने शब्द वाढला, शेजाऱ्याने कॉलर धरून तोंडावर ठोसे मारले. भावाचा ओठ आतून फाटला आणि खालचा पुढचा एक दात हलायला लागला. पोलीस ठाण्यात गेलो तर अंमलदारांनी पानभर लिहून घेतलं, एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) प्रत हातात ठेवली आणि म्हणाले, "कोर्टात दाद मागा." त्याच रात्री शेजाऱ्यानेही उलट एनसी दिली. त्याचं म्हणणं, शिवी आधी ह्याने दिली आणि ढकललंही ह्यानेच.

आता दोघांच्याही नावाने चॅप्टरची नोटीस आली आहे. मावशीला वाटतंय पोराला आत टाकणार. काका म्हणतायत सोडायचं नाही, त्याला जेलची हवा खायला लावायची. नेटवर शोधलं तर कोणी कलम ३२३ म्हणतं, कोणी ११५. वकील लावायचा का, किती चालतं, शिक्षा होते का, काही पत्ता लागत नाही. कायद्याचं पुस्तक नको, प्रत्यक्षात काय होतं ते सांगा.

चहाटळ :
प्रत्यक्षात तारीख होते. मग पुढची तारीख होते.

काळा कोट :
चहाटळ यांनी निकाल आधीच वाचून दाखवला, तरी सविस्तर लिहितो. तालुका कोर्टात फौजदारी बाजू बघतो, असल्या केसेस आमच्या रोजच्या.

आधी कलमांचा घोळ. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. जुनं ३२३ ते आता ११५(२), म्हणजे साधी दुखापत. एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अपमान करून चिथावण्याचं ५०४ ते आता ३५२, धमकीचं ५०६ ते ३५१. घटना १ जुलैच्या आधीची असेल तर कलमं जुनीच लागतात, म्हणून कोर्टात अजून दोन्ही आकडे कानावर पडतात.

११५(२) अदखलपात्र आहे. मॅजिस्ट्रेटचा हुकूम असल्याशिवाय पोलिसांना त्यात तपासच करता येत नाही. अंमलदारांनी टाळलं असं लगेच समजू नका, नुसत्या ठोशाबुक्क्यांवर ते एवढंच करू शकतात. इथून दोन वाटा. एक, सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून तपासाचा हुकूम घ्यायचा. दुसरी, २२३ खाली खासगी फिर्याद. त्यात तुमचं शपथेवर व्हेरिफिकेशन, म्हणजे जबाब, होतं, नव्या कायद्यात दखल घेण्याआधी समोरच्याचंही म्हणणं ऐकतात, आणि तथ्य दिसलं तर प्रोसेस, म्हणजे समोरच्याला समन्स, निघते. पण मुदत पाळा. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला एका वर्षाच्या आत कोर्टात यावं लागतं. एनसी दिली म्हणजे मुदत थांबली, असं धरून बसणारे पुष्कळ भेटतात.

चॅप्टरची नोटीस ही केसच नव्हे. ती शांतता राखण्यासाठीची कारवाई, कलम १२६ खाली, जुनं १०७. तहसीलदार किंवा आयुक्तालय असेल तर सहायक पोलीस आयुक्त, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून ती चालवतात. जास्तीत जास्त वर्षभरासाठी शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतील. ही शिक्षा नाही, दोषी ठरणंही नाही. मात्र नोटीस आली म्हणून नुसतं जाऊन सही करून येऊ नका, लेखी खुलासा द्या : मारहाण आम्हाला झाली आहे, हा दाखला, ही एनसी. मावशींना सांगा, हजर राहिला तर कोणी आत टाकत नाही.

आता मुद्द्याचं. दात हलतोय म्हणालात. डॉक्टरला दाखवला का?

तळ्यात मळ्यात :
त्या रात्री सरकारी दवाखान्यात गेलो होतो, पोलिसांनीच यादी (तपासणीसाठी दवाखान्याच्या नावाचं पत्र) दिली होती. ओठाला टाके पडले. दाताचं त्यांनी "दंतवैद्यांना दाखवा" एवढंच लिहिलंय. भाऊ म्हणतो हलतोय पण दुखत नाही, राहू दे.

काळा कोट :
राहू दे नाही. उद्या सकाळी आधी दंतवैद्य, मग बाकी सगळं. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीची यादी आहे. त्यात हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं स्पष्ट लिहिलंय. दाताचं मूळ तुटलं असेल तर प्रकरण ११५(२) मधून उठून ११७(२) मध्ये जातं. ते दखलपात्र, सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. एनसीची एफआयआर होते ती अशा जागी.

नाडीपरीक्षा :
अपघात विभागात ड्यूटी करतो, म्हणून लिहितो. मारामारीचा पेशंट आला की आम्ही मेडिकोलीगल रजिस्टरला नोंद करतो. कोणी मारलं, कशाने मारलं, ते पेशंट सांगेल तसं. मग एकेक जखम : जागा, लांबी-रुंदी, ताजी की जुनी, "कठीण व बोथट वस्तूने" की धारदार. शेवटी साधी की गंभीर. हा शेवटचा रकाना पुष्कळदा "अहवाल आल्यावर" असा मोकळा राहतो, आणि नंतर कोणी तो अहवाल घेऊन फिरकतच नाही. पोलीसही विचारत नाहीत, पेशंटही नाही. प्रमाणपत्र तसंच अर्धवट कोर्टात जातं.

तेव्हा दंतवैद्याकडे त्या एका दाताचा एक्स-रे काढा. मूळ तुटलंय का, दात किती हलतोय, आजूबाजूच्या हाडाची आणि हिरडीची स्थिती काय, हे तारखेनिशी लिहून घ्या. आधी आमच्याकडे टाके घातल्याचा केसपेपर सोबत न्या, म्हणजे जखमेचा धागा तुटत नाही. खासगी दवाखान्याचा दाखला चालतो, फक्त उद्या त्या डॉक्टरला साक्षीला यावं लागेल, हे त्यांना आत्ताच सांगा. न सांगता समन्स गेलं की ते चिडतात. त्यांचीही चूक नाही म्हणा, ओपीडी सोडून दिवसभर बाकावर कोण बसणार.

आणखी एक. दात काढून टाकायचा सल्ला मिळाला तर काढण्याआधीचा एक्स-रे जपून ठेवा.

रोखठोक :
एवढं सगळं कशाला? तक्रार वरिष्ठांकडे करा, चार लोक घेऊन ठाण्यात बसा, एफआयआर होते की नाही बघू. माणसाचा दात पाडला आणि वर आपल्यालाच चॅप्टर!

काळा कोट :
रोखठोक, चार लोक घेऊन बसलात तर दुसऱ्या नोटिशीत त्या चौघांची नावं येतील. वरिष्ठांकडे जायचा मार्ग कायद्यातच आहे. १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी माहिती पाठवायची, पोच ठेवायची. तिथेही हलले नाहीत तर १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, प्रतिज्ञापत्रासह. आधी अधीक्षक, मग कोर्ट, हा क्रम चुकला तर अर्ज तिथेच अडतो.

कैरी :
मी दुसऱ्या बाजूने सांगते, म्हणजे आरोपीच्या. माझ्या भावावर अशीच केस होती. कोणाचं खरं कोणाचं खोटं त्यात शिरत नाही. लोकांना वाटतं आरोपी म्हणजे बेड्या. तसं काही झालं नाही. पोलिसांनी ३५(३) ची नोटीस दिली (आधी ४१अ म्हणायचे), चौकशीला ये म्हणाले, हा गेला. गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे जामीन हा हक्कच होता. खरी दमछाक नंतरची. कोर्टात जामीनदार उभा करायचा तर त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, ओळखपत्र, फोटो, आणि मुख्य म्हणजे तो माणूस स्वतः. नातेवाईक एरवी लग्नात पुढे पुढे करतात, जामिनाचं नाव काढलं की सगळ्यांच्या पावत्या कपाटात अडकतात. शेवटी काकू आल्या.

आणि पासपोर्ट. फौजदारी खटला कोर्टात प्रलंबित असेल तर पासपोर्ट अडवता येतो. १९९३ च्या एका अधिसूचनेनुसार कोर्टाची परवानगी आणली तर मिळतो, पण परवानगीत मुदत लिहिली नसेल तर वर्षापुरताच. आम्ही त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा युक्तिवाद, वेगळी फी, सगळं केलं. म्हणून "दोघांवर होऊन जाऊ दे" म्हणणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं.

तळ्यात मळ्यात :
कैरीताई, म्हणजे भावाच्या विरोधात जी उलट एनसी आहे तिच्यामुळेही पासपोर्ट अडेल? त्याला कंपनी बाहेर पाठवणार आहे.

काळा कोट :
नुसत्या एनसीने नाही. कोर्टाने दखल घेईपर्यंत खटला प्रलंबित आहे असं म्हणता येत नाही. पण शेजाऱ्याने खासगी फिर्याद टाकली आणि प्रोसेस निघाली तर अडेल. अर्जात केस आहे का विचारलं असेल तर जे असेल ते खरं लिहायचं. सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतारसिंग निकालात माहिती दडवण्याबद्दल बरंच लिहिलंय. किरकोळ केस सांगितली तर मालक दुर्लक्ष करू शकतो, लपवलेली सापडली की मात्र विश्वासाचाच प्रश्न होतो.

तळ्यात मळ्यात :
अपडेट. एक्स-रेमध्ये मूळ तुटलेलं निघालं. दंतवैद्य म्हणाले दात वाचणार नाही. त्यांचा दाखला आणि एक्स-रे घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी आधी "बघू" केलं, पण ड्यूटीवरच्या पीएसआय मॅडमनी दाखला वाचला आणि सरळ एफआयआर नोंदवली. ११७(२), ११५(२), ३५२. प्रत फुकट दिली. सोसायटीचा सीसीटीव्हीही आहे म्हणतात. आता पुढे?

काळा कोट :
उत्तम. एका केसमध्ये एक जरी दखलपात्र कलम असलं तरी बाकीची अदखलपात्र कलमंही तशीच धरतात, त्यामुळे शिवीगाळीचाही तपास होईल.

सीसीटीव्हीचं आज करा, उद्या नको. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) भरला की जुनं पुसून नवं चढतं. सेक्रेटरीला तारीख-वेळ घालून पत्र द्या, एक प्रत पोलिसांना. फुटेज पेनड्राइव्हवर नुसतं आणून देऊन भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याच्या आणि तज्ज्ञाच्या सहीचं. जुन्या कायद्यात हे ६५ब होतं. प्रमाणपत्राअभावी बाहेर राहिलेली चांगली फुटेजं मी पाहिली आहेत.

पुढे घटनास्थळाचा पंचनामा होईल, साक्षीदारांचे जबाब होतील. जबाबावर सही घेत नाहीत, घेऊ देऊही नका. पण जे सांगाल ते बेताने सांगा. एफआयआरमध्ये "दोन ठोसे", जबाबात "चार ठोसे" आणि कोर्टात "लाथाही" असं वाढत गेलं की ते वाढीव भाग पहिल्यांदा तुमच्यावरच येतात.

तपास संपला की दोषारोपपत्र, बोलीभाषेत चार्जशीट. नव्या कायद्यात तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं बंधन आहे. कोणी कळवलं नाही तर लेखी विचारा. चार्जशीट दाखल झाली की केसला आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) नंबर पडतो आणि केस शोधायला लागणारा १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबरही. तो मोबाईलमध्ये जपून ठेवा, ई-कोर्टच्या ॲपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते. "तारीख कळलीच नाही" ही सबब आता साहेब ऐकत नाहीत.

अनवाणी :
एक भाबडा प्रश्न. केस आपली, मग वकील आपला का नाही?

शिरस्तेदार :
मी उत्तर देतो, माझी सगळी नोकरी फौजदारी कोर्टाच्या टेबलावर गेली. चार्जशीट आली की केस सरकारची. चालवतात सहायक सरकारी अभियोक्ता. फिर्यादी फक्त साक्षीदार क्रमांक एक. त्याला खासगी वकील लावता येतो, पण तो सरकारी वकिलांच्या हाताखाली काम करतो, पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी युक्तिवाद देतो. पैसे खर्चायचे नसतील तर नाही लावला तरी चालतं. पण साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटून चार्जशीट एकदा वाचून घ्या. त्यांच्याकडे बोर्डावर (त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत) ढिगाने केसेस असतात, तुमच्या दाताची गोष्ट त्यांना पाठ नसते. कोर्टातली पैरवी हवालदार बघतात, त्यांचा नंबर घेऊन ठेवा. समन्स त्यांच्यामार्फत येतं.

आरोपीला वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले, यांना उत्पन्नाची अटही नाही. १९८७ च्या कायद्यातली ही सोय आहे, पण लोक दारावरचा फलक वाचून पुढे जातात.

आता कोर्टातला दिवस कसा असतो ते. सकाळी अकराच्या सुमाराला बोर्ड सुरू. पट्टेवाला दारात येऊन पुकारा करतो. नाव पुकारलं की पुढे यायचं. चहाला गेलात, तेवढ्यात पुकारा झाला, तर आरोपीवर वॉरंट निघू शकतं. आधी जामीनपात्र, मग पकड वॉरंट. येता येणार नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी, कारणासह. "साहेब दुपारपर्यंत येतील वाटलं" हे कारण रोजनाम्यात चांगलं दिसत नाही.

पहिल्या तारखांना आरोपी हजर होतो, जामीन होतो, त्याला चार्जशीटच्या नकला दिल्या जातात. ११५(२) नुसतं असतं तर तो समन्स खटला, थेट तपशील वाचून "कबूल आहे का" विचारतात. दोन वर्षांवर शिक्षेचा गुन्हा म्हणजे वॉरंट खटला, त्यात रीतसर दोषारोप ठेवतात. त्याआधी आरोपीला दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवताच सोडा असा, अर्ज करता येतो, नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत.

दोषारोप ठेवायची वेळ गमतीची असते. साहेब कागद वाचतात : अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी तुम्ही फिर्यादीस हाताबुक्क्यांनी मारून त्याचा दात मोडून गंभीर दुखापत केली. गुन्हा कबूल आहे काय? आणि कठड्यातला माणूस सुरू होतो, "साहेब, गाडी तर माझी आधीपासून तिथंच होती, त्यानं आरसा वाकवला..." साहेब चष्मा खाली करून विचारतात, "कबूल आहे की नाही तेवढं सांगा." वकील मागून कुजबुजतो, "नाही म्हणा." माणूस म्हणतो, "नाही, पण..." स्टेनो फक्त "नाही" टाइप करतो. त्याखाली सही. झालं, खटला सुरू.

काळा कोट :
शिरस्तेदारकाका, अगदी डोळ्यासमोर उभं केलंत.

पुढचा भाग मी घेतो. साक्षी. आधी फिर्यादी, मग पाहणारे, पंच, डॉक्टर आणि शेवटी तपास अधिकारी. प्रत्येकाची सरतपासणी सरकारी वकील घेतात, उलटतपासणी आम्ही. डॉक्टरचा दाखला बचाव पक्षाने कलम ३३० खाली मान्य केला तर डॉक्टरना बोलवावं लागत नाही. पण तुमच्या केसमध्ये सगळं दातावर आहे, तेव्हा बचावाचा वकील मान्य करणार नाही. मी त्या बाजूला असतो तर नसता केला. दंतवैद्य पिंजऱ्यात आले की साधारण असं चालेल :

"डॉक्टर, पायोरिया झाला असेल तर दात हलतो, हे खरं आहे?"
"खरं आहे."
"पेशंटची हिरडी तुम्ही तपासली होती?"
"हो."
"हिरडीची स्थिती तुमच्या दाखल्यात लिहिली आहे?"

इथे डॉक्टर कागद उलटसुलट करायला लागले की केसचा पाय घसरला. म्हणूनच नाडीपरीक्षा यांनी वर सांगितलं, ते सोनं आहे. हिरडी, हाड, मुळाची ताजी मोड, सगळं त्याच दिवशी लिहिलेलं असलं की पायोरिया तिथेच संपतो.

भावाला विचारतील : तुमचं पार्किंगवरून जुनं वैर आहे? तुम्ही आधी ढकललं? उलट एनसी आहे? जे घडलं ते सांगायचं. ढकललं असेल तर ढकललं म्हणायचं. एक धक्का मान्य केल्याने दात मोडायचा अधिकार समोरच्याला मिळत नाही, पण खोटं बोललेलं एक वाक्य बाकी साक्षीवर सावली टाकतं. जखमी साक्षीदाराच्या साक्षीला कोर्ट वजन देतं, कारण त्याची जखमच सांगते की तो तिथे होता.

पंच फितूर होतात. ते गृहीतच धरा. "कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या" हे वाक्य आम्ही इतकं ऐकलंय की स्टेनो ते आधीच टाइप करून ठेवत असेल. पंच फुटला म्हणून केस पडत नाही. शेजारीपाजारी फुटले तर मात्र दुखतं. त्यांना उद्या त्याच लिफ्टने जायचंय ना.

शेवटी आरोपीचा जबाब सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली (जुनं ३१३), युक्तिवाद, निकाल. कायद्यात तहकुबी दोनपेक्षा जास्त देऊ नये असं आहे. कायद्यात आहे.

चहाटळ :
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

रोखठोक :
आणि एवढं करून सात वर्षं आत जाणार का तो?

काळा कोट :
नाही. सात हा कागदावरचा कमाल आकडा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना मुळात तीन वर्षांच्या वर कैद देताच येत नाही. पहिला गुन्हा, नोकरदार माणूस, एक दात, पार्किंगचं भांडण. दोषी ठरला तरी अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ च्या कलम ४ खाली चांगल्या वर्तनाच्या बाँडवर सुटण्याची बरीच शक्यता. नाहीतर "कोर्ट उठेपर्यंत" कैद आणि दंड, आणि फिर्यादीला नुकसानभरपाई. नव्या कायद्यातली समाजसेवेची शिक्षा मारहाणीला नाही, हेही सांगून ठेवतो, कारण व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरतंय. तीन वर्षांच्या आतली शिक्षा असेल तर तेच कोर्ट अपिलापर्यंत स्थगिती देतं, अपील सत्र न्यायालयात ३० दिवसांत. सुटला तर तुमच्या भावालाही पीडित म्हणून अपील करता येतं.

रोखठोक :
मग केस कशाला करायची? हीच तर सिस्टीम आहे.

कैरी :
रोखठोक, माझा भाऊ निर्दोष सुटला. फिर्यादी समन्सला आला नाही, वॉरंट काढल्यावर आला आणि म्हणाला, अंधारात कोणी मारलं दिसलं नाही. तुमच्या हिशोबाने आम्ही जिंकलो. पण त्या काळात आई दर तारखेच्या आदल्या रात्री झोपायची नाही. जेलपेक्षा कमी काही झालं म्हणजे काहीच झालं नाही, असं ज्यांनी तारखा केल्या नाहीत त्यांनाच वाटतं.

आमच्यात आधीच बोलणी झाली असती तर दोघांचंही बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

शिरस्तेदार :
तडजोडीबद्दल दोन गैरसमज काढून टाका. एक, फिर्यादी "केस मागे घेतो" म्हणाला की संपली. एफआयआर मागे घेता येत नाही. दोन, स्टँपपेपरवर लिहून, नोटरी करून ठाण्यात दिलं की मिटलं. तो कागद कोर्टात येऊन साहेबांनी हुकूम केल्याशिवाय केस जिथल्या तिथे असते. घरी मिटवून गावाला गेलेल्या माणसाच्या नावाने वॉरंट निघालेलं मी पाहिलंय, तो बिचारा पेढे वाटून आला होता.

कायदेशीर तडजोड कलम ३५९ खाली. साधी दुखापत आणि शिवीगाळ, मार खाल्लेल्याने किंवा अपमान झालेल्याने मिटवायची म्हटलं तर मिटते. गंभीर दुखापतीला कोर्टाची परवानगी लागते. हत्याराने दुखापत, ११८(१), हे या यादीत नाही. तिथे उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करायला जावं लागतं. म्हणून भांडणात हातात हेल्मेट होतं की किल्ली होती, हा प्रश्न वाटतो तितका साधा नसतो. तडजोड मान्य झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. लोकअदालतीतही ठेवता येते.

तळ्यात मळ्यात :
बऱ्याच महिन्यांनी परत आलो, माफी असावी. चार्जशीट झाली, शेजारी जामिनावर आहे, पुढची तारीख दोषारोपाला आहे. त्याने आमच्याविरुद्ध खासगी फिर्यादही टाकली, तिच्यात अजून प्रोसेस निघालेली नाही. आणि परवा सेक्रेटरीमार्फत निरोप आलाय : दाताचा सगळा खर्च देतो, इम्प्लांटसकट, दोन्ही केसेस मिटवू. काकांचा पारा चढलाय. भाऊ मात्र मिटवायच्या बाजूने आहे, त्याला परदेशाची ऑर्डर आली आहे.

रोखठोक :
बघा, आता नमला. मिटवू नका.

काळा कोट :
निर्णय भावाचा, काकांचा नाही. दात त्याचा होता.

मिटवायचं असेल तर असं करा. पुरावा तुमच्या बाजूने मजबूत आहे, दंतवैद्याचा दाखला आणि फुटेज, म्हणूनच निरोप आलाय. तेव्हा घाईने "ठीक आहे" म्हणू नका. दंतवैद्याकडून पुढच्या सगळ्या उपचाराचा लेखी अंदाज घ्या, टाक्यांपासूनचा झालेला खर्च त्यात धरा. त्याची खासगी फिर्याद त्याने मागे घ्यायची, आणि तुमच्या केसमध्ये तडजोडीची पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन), दोन्ही एकाच दिवशी. उलटसुलट केसेस शक्यतो एकाच न्यायाधीशापुढे चालाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच नथीलाल प्रकरणात सांगितलंय. तेव्हा दोन वेगळ्या कोर्टांत असतील तर एकत्र आणायचा अर्ज आधी द्या. पार्किंगची जागा कोणाची हे पुरसिसमध्ये लिहायचा मोह टाळा, तो सोसायटीचा ठराव आहे, फौजदारी कोर्टाचा विषय नाही. तो ठराव मात्र करून घ्या, नाहीतर पुन्हा इथे धागा काढाल.

दोषारोपाच्या आधी की नंतर, याने कायद्यात फरक पडत नाही, परवानगी कधीही मागता येते. पैसे आधी खात्यावर, सही नंतर. चेक नको. आणि त्या दिवशी भावाला ओळखपत्र घेऊन स्वतः यायला सांगा. साहेब त्याला समोर उभं करून विचारतील, तडजोड स्वखुशीने आहे ना, कोणाचा दबाव नाही ना. काकांना त्या वेळी बाहेर चहाला न्या.